दाण्याच्या कुटाचे घर आणि ॲलर्जी असलेले मूल : पालकांनी मनावरचा ताण कसा हाताळावा

ज्या घरात साबुदाण्याच्या खिचडीपासून काकडीच्या कोशिंबिरीपर्यंत बहुतेक पदार्थांत दाण्याचे कूट पडते, त्या घरात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल वाढवायचे म्हणजे काय करावे लागते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला चटकन येत नाही. पथ्य पाळले की झाले, असे त्याला वाटते. पथ्य हा त्यातला सोपा भाग आहे. दोन-तीन महिन्यांत तो अंगवळणी पडतो. अंगवळणी पडत नाही ती धास्ती. शाळेतून फोन आला की पोटात गोळा येतो, आणि लग्नाच्या पंगतीत मूल कोणाच्या मांडीवर बसले आहे, हे पाहण्यातच आपले जेवण संपते. या धास्तीचे काय करावे, एवढ्यापुरतेच मी येथे लिहीत आहे. माझी मुलगी आता आठ वर्षांची आहे. जे सांगते ते तिला वाढवताना शिकलेले आणि तिच्या डॉक्टरांनी वेळोवेळी समजावून दिलेले आहे. औषधाचा आणि मात्रेचा निर्णय मात्र प्रत्येकाने आपल्या मुलाच्या डॉक्टरांवरच सोपवावा.

आधी स्वतःला दोष देणे थांबवा

ती चौदा महिन्यांची असताना आम्ही आषाढी एकादशीला सोलापूरला सासरी होतो. सासूबाईंनी आपल्या ताटातली चिमूटभर खिचडी बोटांनी कुस्करून तिला भरवली. पाच-सात मिनिटांत तिचे ओठ सुजले आणि मानेवर, पोटावर गांधी उठल्या. पित्त उठले आहे असे सगळ्यांनाच वाटले, म्हणून सासूबाईंनी आमसुले भिजत घातलेली स्टीलची वाटी आणली आणि ते लालसर पाणी त्या तिच्या पाठीला चोळू लागल्या. तेवढ्यात तिला उलटी झाली आणि तिच्या रडण्याचा आवाज घोगरा झाला. तो आवाज ऐकून सासरे अनवाणीच रिक्षा आणायला धावले. दवाखान्यात तिच्या मांडीत इंजेक्शन दिले आणि थोड्याच वेळात ओठांची सूज ओसरू लागली. घरी परतलो तेव्हा ती वाटी तशीच पाटावर होती.

त्यानंतरचे कित्येक महिने मी हिशेब मांडत होते. गरोदरपणी मी चिक्की फार खाल्ली म्हणून असे झाले का, की तिला दाणे आधीच द्यायला हवे होते? या प्रश्नांच्या मागे लागलेल्या प्रत्येक आईला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली असा सल्ला दिला होता की, ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका अधिक आहे त्यांना शेंगदाणे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत. २००८ साली तो सल्ला मागे घेतला गेला. पुढे २०१५ साली लंडनमधील ६४० बाळांच्या अभ्यासातून बरोबर उलटे चित्र दिसले : तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ज्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले गेले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी पुष्कळच कमी आढळली. ज्या प्रश्नावर तज्ज्ञांचेच मत पंधरा वर्षांत उलटे फिरले, त्याचे उत्तर आपल्याला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या माहीत असायला हवे होते, असे स्वतःला बजावत राहणे हा स्वतःवर अन्याय आहे. (हा अभ्यास वाचून, ज्या मुलाला एकदा प्रतिक्रिया आली आहे त्याला घरीच ‘थोडे थोडे’ देऊन पाहण्याचा विचारही करू नये. दुसरे बाळ होणार असेल, तर त्याला दाणे केव्हा व कसे द्यायचे, हे मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारावे.)

अपराधीपणाचा विचार सुटता सुटत नसेल, तर तो एकदा कागदावर लिहून काढावा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावा : “हे माझ्यामुळे झाले का?” मी विचारले होते. डॉक्टरांनी “नाही” म्हटले, आणि माझ्या स्वतःच्या शंभर ‘नाही’पेक्षा त्या एका ‘नाही’चा उपयोग अधिक झाला.

भीतीला माप द्या

धोका नेमका कुठे आहे हे ठाऊक नसले की सगळीकडेच तो दिसू लागतो. म्हणून मनाची पहिली कामगिरी म्हणजे धोक्याच्या सीमा ठरवून घेणे, आणि त्यासाठी निदान पक्के हवे. रक्ताच्या तपासणीत किंवा त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत एखादा पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ आला, म्हणजे तो खाल्ल्यावर त्रास होईलच असे नसते. प्रत्यक्ष खाल्ल्यावर काय झाले, याचा इतिहास चाचणीइतकाच महत्त्वाचा असतो. मला हे उशिरा कळले. तपासणीच्या अहवालातली लांबलचक यादी पाहून मी तूरडाळ, हरभरा, मूग, गहू असे एकेक बंद करत गेले, आणि चार महिने ते लेकरू भात, बटाटा आणि केळ्यावर काढत होते. ती खंगली आणि मीही. पुढे ॲलर्जीच्या तज्ज्ञांनी तिच्या खाण्याचा सगळा इतिहास विचारून जवळपास सगळी यादी खोडली आणि फक्त शेंगदाणा ठेवला. शेंगदाणा कडधान्यांच्याच कुळातला असला, तरी तो न चालणाऱ्या बहुतेक मुलांना डाळी चालतात. तेव्हा कोणताही पदार्थ आपल्या मनाने बंद करू नये आणि बंद केलेला आपल्या मनाने सुरूही करू नये.

दुसरी सीमा वासाची आणि स्पर्शाची. शेजारच्या घरी दाणे भाजल्याचा वास आला की मी खिडक्या लावून घेत असे. नुसत्या वासाने जिवावर बेतेल अशी प्रतिक्रिया येणे अतिशय दुर्मीळ आहे, आणि हाताला दाण्याचा अंश लागल्यावर फार तर तेवढ्या जागी खाज सुटते किंवा गांधी उठतात, असे समजल्यावर माझ्या खिडक्या उघडल्या. धोका आहे तो पोटात जाण्याचा. लहान मुलाचे हात सारखे तोंडात जातात म्हणून हात धुणे महत्त्वाचे. हात साबण आणि पाण्यानेच धुवावेत, कारण सॅनिटायझरने जंतू मरतात पण दाण्याचे प्रथिन हातावरून निघत नाही. तेलाचेही तसेच : अत्यंत शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, पण घाण्याच्या तेलात ते उरते, आणि सध्या लाकडी घाण्याच्या तेलाची आवड पुन्हा वाढली असल्याने दुसऱ्याच्या घरी हा प्रश्न विचारावाच लागतो.

डॉक्टरांकडून अशी तीन भागांची यादी करून घ्यावी : जे मुळीच चालणार नाही, जे विचारून चालेल आणि ज्याची काळजी करायची नाही. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यातल्या प्रत्येक ओळीने डोक्यावरचे एकेक ओझे उतरते.

पिशवी, कागद आणि सराव

तीव्र प्रतिक्रियेवरचे पहिले औषध ॲड्रेनालिनचे इंजेक्शन आहे. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत देतात आणि गरज पडल्यास कपड्यावरूनही देता येते. खाज आणि गांधी कमी करणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या वा सिरप श्वासाचा त्रास थांबवू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विसंबून वेळ घालवू नये. आपल्याकडे आपोआप टोचणारे तयार पेन औषधाच्या दुकानात सहज मिळेलच असे नाही; त्यामुळे अनेक डॉक्टर पालकांना इंजेक्शनची कुपी आणि सिरिंज वापरायला शिकवतात. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून वजन वाढले की ती पुन्हा विचारून घ्यावी. कोणती लक्षणे दिसली की नुसते सिरप द्यायचे, कोणती दिसली की लगेच इंजेक्शन द्यायचे, १०८ क्रमांकाला फोन कोणी करायचा आणि बरे वाटले तरी दवाखान्यात काही तास का थांबायचे, हे सारे डॉक्टरांच्या सहीनिशी एका पानावर मराठीत लिहून घ्यावे.

आता मनाविषयी. जवळपास प्रत्येक पालकाला इंजेक्शन देण्याचीच अधिक भीती वाटते : चुकीच्या वेळी दिले तर? मी हा प्रश्न डॉक्टरांना तीनदा विचारला आहे. ठरलेल्या मात्रेत मांडीत दिलेले इंजेक्शन विनाकारण दिले गेले, तर बहुधा काही काळ छाती धडधडते, हात थरथरतात आणि चेहरा पांढुरका दिसतो. उशीर झाला तर मात्र जीव धोक्यात येतो. हे वाक्य आमच्या कागदावर सर्वांत वर लिहिलेले आहे, कारण त्या क्षणी विचार करायला बुद्धी जागेवर नसते.

ती जागेवर नसतानाही हात चालावेत, यासाठी सराव हवा. आम्ही साध्या पाण्याने भरलेली सिरिंज मोसंबीत टोचून सराव केला. पहिल्यांदा मोसंबी माझ्या हातातून निसटून ओट्याखाली गेली. पाचव्या वेळी कुपी फोडणे, औषध खुणेपर्यंत ओढणे आणि टोचणे हे मी न बोलता करू शकले. सासऱ्यांनीही केले, आणि शेजारच्या काकूंनीही. औषधाची पिशवी दाराजवळच्या खुंटीला असते, छत्रीच्या शेजारी, म्हणजे बाहेर पडताना ती दिसतेच. औषधाची मुदत आम्ही दर संकष्टीला पाहतो. चंद्रोदयाची वाट पाहताना पिशवी उघडायची, तारीख वाचायची, कुपीतले औषध पारदर्शक आहे ना हे उजेडात धरून पाहायचे. औषधाला उष्णता आणि ऊन सोसत नाही, म्हणून पिशवी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये. महिन्यातला एक दिवस तपासणीचा ठरल्यामुळे उरलेल्या एकोणतीस दिवसांत “पिशवीत सगळे आहे ना” हा विचार रात्री-अपरात्री उठवत नाही. ताण कमी करण्याचा मला सापडलेला सर्वांत खात्रीचा उपाय हाच आहे : काळजीला काम द्यावे, कामाला वेळ द्यावी, आणि ती वेळ संपली की काळजीलाही उठू द्यावे.

वडीलधाऱ्यांना सोबत घ्या

आपल्या भाषेत ‘वावडे’ हा एकच शब्द दोन अर्थांनी चालतो. एखाद्याला कारल्याचे वावडे असते म्हणजे ते त्याला आवडत नाही, आणि एखाद्याला दाण्याचे वावडे असते म्हणजे ते त्याच्या जिवावर उठू शकते. ऐकणारा पहिला अर्थ धरतो. म्हणून मी हा शब्द वापरणे सोडून दिले. “तिला दाण्याची ॲलर्जी आहे, एक घास पोटात गेला तरी श्वास अडकू शकतो,” असे सरळ वाक्य बोलावे, आणि ते हसत हसत बोलू नये. आपण संकोचाने हसलो की समोरच्याला ती गोष्ट किरकोळ वाटते.

“आमच्या वेळी असले काही नव्हते” आणि “थोडे थोडे दिले की सवय होते” ही दोन वाक्ये प्रत्येक घरात ऐकू येतात. त्यांवर वाद घालण्यात शक्ती घालवू नये. आजी-आजोबांना एकदा डॉक्टरांच्या भेटीला बरोबर न्यावे आणि बोलण्याचे काम डॉक्टरांना करू द्यावे. सुनेने सांगितलेले पथ्य आणि डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य यांत आपल्या घरांत किती फरक पडतो, हे काही वेगळे सांगायला नको.

पण वडीलधारी माणसे विरोध करत असतात, तेव्हा त्या विरोधामागे पुष्कळदा भीतीच असते. माझ्या सासूबाईंनी त्या एकादशीनंतर नातीला भरवणेच सोडले. पोरगी जेवायला बसली की त्या उठून देवघरात जात. मला ते तुसडेपणाचे वाटले आणि मी मनात धुसफुसत राहिले. जवळजवळ वर्षाने एका दुपारी त्या म्हणाल्या, “माझ्या हाताने झालं गं ते.” तेव्हा मला कळले की, दोष मी एकटीच वाहत नव्हते. आम्ही दोघी त्या दिवशी प्रथमच त्या वाटीविषयी बोललो. ज्यांच्या हातून पहिली प्रतिक्रिया घडली त्या माणसाशी, मग ती आजी असो, मावशी असो वा पाळणाघरातल्या ताई असोत, याविषयी लवकर बोलावे; माझ्यासारखे वर्ष घालवू नये. “तुम्हाला माहीत नव्हते, मलाही माहीत नव्हते,” एवढे म्हटले तरी पुरते.

त्यानंतर मी त्यांना नुसते ‘हे देऊ नका’ सांगण्याऐवजी एक काम मागितले : “आई, तिला चालेल अशी चटणी तुम्ही करून द्याल का?” सोलापूरच्या घरात शेंगा-चटणी उखळात कुटून होते, तिच्याशिवाय भाकरीचे पान वाढत नाहीत. आता नातीसाठी त्या डाळे, सुके खोबरे, लसूण आणि तिखट यांची चटणी वेगळ्या खलबत्त्यात कुटतात आणि बरणीवर तिचे नाव लिहितात. शेंगा-चटणी घरातून गेलेली नाही. ती वरच्या फळीवर झाकणाच्या डब्यात असते, तिचा चमचा वेगळा आणि मिक्सरचे भांडेही वेगळे. पुण्याच्या आमच्या घरात मात्र आम्ही दाणे आणतच नाही. सगळे घर दाणेमुक्त करायचे की डबे वेगळे करायचे, याचे एकच बरोबर उत्तर नाही. मूल रांगते असेल, घरात माणसे पुष्कळ असतील आणि कोणावर किती विसंबता येईल याची खात्री नसेल, तर पहिली काही वर्षे दाणे न आणणेच मनाला स्वस्थता देते, असे माझे मत आहे.

प्रसाद, पंगत आणि बोरन्हाण

प्रसादाला नाही म्हणणे आपल्याला जड जाते. आम्ही असे ठरवले आहे की, मुलीने प्रसाद दोन्ही हातांत घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि माझ्याकडे द्यायचा; त्या जागी मी तिला खडीसाखर देते, ती डबी कायम पर्समध्ये असते. हात धुवायचे आणि मग खडीसाखर खायची. देण्याघेण्यात कोणाचाच अवमान होत नाही आणि तिलाही रिकाम्या हाताने परत यावे लागत नाही.

संक्रांत सर्वांत अवघड, कारण तिळगुळाच्या वड्यांत कूट असते, गुळाच्या पोळीतही काही घरी ते घालतात, आणि बोरन्हाणात बोरे, चुरमुरे, हलवा यांच्याबरोबर भुईमुगाच्या शेंगाही मुलाच्या डोक्यावरून ओततात आणि बाकीची मुले त्या वेचून तिथेच फोडून खातात. आपल्या घरचे बोरन्हाण असेल तर शेंगा वगळाव्यात. त्याने विधीत काही उणे पडत नाही. दुसऱ्याच्या घरचे असेल, तर दोन दिवस आधी यजमानांना फोन करावा. आयत्या वेळी दारात सांगितले की त्यांची तारांबळ होते आणि आपल्याला मेल्याहून मेल्यासारखे होते. तरीही एखाद्या समारंभाला जाऊ नयेसे वाटले, तर जाऊ नये. सगळ्या पंगतींना पुरून उरण्याची परीक्षा कोणी आपल्यावर लादलेली नाही.

शाळा आणि बाहेरचे खाणे

शाळेत प्रवेश घेतानाच वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापक यांच्यासमोर बसून बोलावे आणि डॉक्टरांचा कागद व औषधाची पिशवी यांची एक जोडी शाळेत ठेवावी. एका शाळेत मला “असे मूल ठेवून घेण्याची जबाबदारी आम्हाला नको,” असे ऐकावे लागले. मी बाहेर येऊन पायरीवर बसून रडले होते. दुसऱ्या शाळेत मी बोलण्याची रीत बदलली. धोक्याचे वर्णन थोडक्यात केले आणि “तुम्हाला एवढ्या चारच गोष्टी करायच्या आहेत,” असे म्हणून त्या लिहून दिल्या : डबा कोणाशीही वाटून घ्यायचा नाही, डब्यानंतर सगळ्या वर्गाने साबणाने हात धुवायचे, वाढदिवसाचा खाऊ तिला द्यायचा नाही आणि लक्षणे दिसली की आधी पिशवी उघडायची, मग मला फोन करायचा. शिक्षिकांनाही भीती वाटत असते, त्यांनाही मोसंबीवर सराव करू द्यावा. वाढदिवसासाठी तिच्या नावाचा खाऊचा डबा वर्गात ठेवलेला आहे. तिला वेगळ्या बाकावर एकटी बसवण्याची कल्पना मात्र मी नाकारली. डब्याच्या वेळी एकटे पडलेले मूल पुढे आपली ॲलर्जी लपवू लागते, आणि चिडवले जाण्याचे प्रसंगही तिथेच सुरू होतात. कोणी मुद्दाम दाणे जवळ आणून घाबरवत असेल, तर ती नुसती थट्टा समजू नये; शाळेला त्याच दिवशी लेखी कळवावे.

वेष्टनातल्या खाऊच्या बाबतीत आपल्याला कायद्याचा थोडा आधार आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या लेबलविषयक नियमांप्रमाणे शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचफळे, दूध, अंडे, मासे, सोयाबीन आणि ग्लूटेन असलेली धान्ये यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. नेहमीचा खाऊ असला तरी घटकांची यादी दर वेळी वाचावी, कारण कृती बदलते. सुट्या फरसाणाला, हातगाडीवरच्या भेळेला आणि परातीतल्या बर्फीला लेबल नसते. ते आम्ही घेत नाही. हा निर्णय एकदाच करून टाकला, त्यामुळे प्रत्येक गाडीपाशी नव्याने उलघाल होत नाही.

मुलाशी बोलताना

“ते विष आहे” आणि “खाल्लेस तर मरशील” ही वाक्ये मुलाला कोणीही ऐकवू नयेत, कितीही प्रेमापोटी असली तरी. तीन वर्षांच्या मुलाला “हे तुझ्या अंगाला चालत नाही” एवढे कळते. चौथ्या-पाचव्या वर्षी “यात दाणे आहेत का?” हा प्रश्न त्याने स्वतः विचारायला शिकावा. घरात आम्ही दुकान-दुकान खेळताना तो प्रश्न शिकवला. मी दुकानदार होऊन मुद्दाम आग्रह करायची आणि तिने तीनदा ठामपणे “नको” म्हणायचे. सहाव्या-सातव्या वर्षी घशात काही वेगळे वाटले, तर ते लगेच मोठ्या माणसाला सांगायचे आणि एकटीने स्वच्छतागृहात जाऊन बसायचे नाही, हे शिकवावे.

प्रतिक्रिया येऊन गेल्यावर काही मुले खाणेच कमी करतात, प्रत्येक घासाला “यात नाही ना?” असे विचारतात किंवा घसा दाटल्याची तक्रार करतात. भीतीनेही घसा दाटतो. त्या वेळी ओरडू नये आणि घाबरूही नये; जवळ बसून कागदावरची लक्षणे तिच्यासोबत एकेक करून पाहावीत : गांधी आहेत का, सूज आहे का, आवाज बदलला आहे का, खोकला आहे का, उलटी किंवा गरगरल्यासारखे आहे का. शंका राहिली तर कागदाप्रमाणेच करावे. काही नसेल, तर तिला गोष्ट वाचून दाखवावी आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. खाण्याची भीती आठवड्यांमागून आठवडे टिकली किंवा वजन उतरू लागले, तर बालरोगतज्ज्ञांना सांगावे आणि मुलांच्या समुपदेशकांकडेही जावे.

भावंडाचीही दखल घ्यावी. चिक्की घरात येत नाही म्हणून रुसलेल्या भावाचा रुसवा खरा असतो. माझ्या मुलाला महिन्यातून एकदा त्याचे बाबा बाहेर नेऊन चिक्की खाऊ घालतात; परत आल्यावर तो हात-तोंड धुऊन, सदरा बदलून बहिणीजवळ जातो.

पहारा वाटून घ्या

बहुतेक घरांत एकाच पालकाचे डोळे सतत उघडे असतात, आणि बहुधा ती आई असते. दुसरा शांत दिसला की “यांना काळजीच नाही” असे वाटून ठिणगी पडते. आमच्याकडेही पडत असे. त्यावर आम्ही पाळी ठरवली. समारंभात शिरण्यापूर्वी एकाने दुसऱ्याला मोठ्याने सांगायचे, “आता तू बघ,” आणि दुसऱ्याने “बघतो” म्हणायचे. त्यानंतर पहिल्याने मागे वळून पाहायचे नाही. पहिल्या काही वेळा मला ते मुळीच जमले नाही. नवऱ्याच्या पद्धतीत मी खोट काढत राहिले. पाचव्या-सहाव्या लग्नात मी प्रथमच भावजयीशी पोटभर गप्पा मारल्या. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांनी ही पाळी बहिणीशी, मैत्रिणीशी किंवा शेजारच्या काकूंशी लावावी, मात्र इंजेक्शनचा सराव झालेल्या माणसाशीच.

मोठ्या प्रतिक्रियेनंतरच्या काही रात्री झोप लागत नाही, ते दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येते. हे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचे हळूहळू कमी होते. पण महिना उलटला तरी तेच चालू असेल, कामावर लक्ष लागत नसेल, छातीत धडधडून दरदरून घाम फुटत असेल, मुलाला घराबाहेरच पाठवू नयेसे वाटत असेल किंवा जगण्यातच राम वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची किंवा समुपदेशकांची मदत घ्यावी. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा चालू आहे; १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. “पथ्य तर मुलाला आहे, मला काय झाले आहे,” असे म्हणून मी हा फोन दोन वर्षे टाळला होता. टाळायला नको होता.

पालकांना आणखी एक शंका असते, ती आशेविषयी. दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते; शेंगदाण्याची मात्र साधारण पाचांपैकी एका मुलाचीच जाते. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी करावी, पण त्या तारखेवर डोळे लावून बसू नये.

हळूहळू दूर राहायला शिका

मुलाला आपल्याशिवाय बाहेर पाठवण्याची तयारी टप्प्याटप्प्याने करावी. आम्ही शेजारच्या काकूंकडे अर्ध्या तासापासून सुरुवात केली, मग एक दुपार, मग मैत्रिणीचा वाढदिवस, तोही स्वतःचा डबा घेऊन. प्रत्येक टप्प्यानंतर काय चुकले आणि काय जमले हे दोन ओळींत लिहून ठेवले. एका वाढदिवसाला डबा घरीच राहिला आणि ती दोन तास केवळ पाणी पिऊन राहिली. तेव्हापासून डबा आदल्या रात्रीच पिशवीजवळ ठेवतो.

यंदा हिवाळ्यात तिची शाळेची पहिली सहल होती. पिशवी बाईंच्या खांद्याला दिली, कागद त्यांच्यासमोर पुन्हा एकदा मोठ्याने वाचला आणि तिच्या डब्यात दशम्या व आजीची डाळ्याची चटणी दिली. बस सुटल्यावर नवऱ्याला म्हटले, “आता बाई बघतील,” आणि फोनचा आवाज मोठा करून मी तो खिशात ठेवला. दुपारी एक वाजता बाईंचा संदेश आला : डबा संपवला, चटणी मैत्रिणींनी मागितली, पण हिने दिली नाही.